मी पास, हे नापास

शनिवार, संध्याकाळ. बोरिवली.

मी पास झाले आणि हे नापास. उलट झालं असतं तर बरं झालं असतं का? बोट यांची, हौस यांची. लायसन्सच्या वर्गाला मी आपली सोबत म्हणून बसले होते.

परीक्षेत गोराईच्या खाडीत सरांनी केशरी बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, पाण्यात टाकला आणि ओरडले, "माणूस पडला!" अशा वेळी हळूहळू जवळ जायचं, मग इंजिन बंद करून त्याला वर घ्यायचं. यांनी वेग वाढवला. बोया बोटीखाली गेला आणि इंजिनच्या पंख्यात फाटून मागून वर आला. तो फाटका बोया डोळ्यांसमोरून जातच नाही.

रिक्षात हे म्हणाले, "उद्या ताई येणारच आहे. चालवतो मीच, तू शेजारी बस. लायसन्स आहे ना तुझं!" नणंदेबरोबर तिची सहा वर्षांची नात येणार, ईरा. मला पुन्हा तो बोयाच दिसला.

घरी आल्या आल्या यांच्यादेखत नणंदेला फोन लावला. "ताई, हे नापास झालेत. उद्या बोट मी चालवणार. भीती वाटत असेल तर येऊ नका."

"ईराला लाइफ जॅकेट देशील ना? मग येतो," एवढंच त्या म्हणाल्या.

हे बाल्कनीत जाऊन बसले. चहा नेला, घेतला नाही. म्हणाले, "मुद्दाम नाही गं केलं. माणूस पडला म्हटल्यावर वाटलं, लवकर पोचायला हवं."

मी शेजारी बसून राहिले. उद्या खरंच कोणी पडलं, तर मला तरी हळू जायचं सुचेल का?