धुराआडचं ‘अस्वल’

३ मार्च १६०८
आरमारी लढाईच्या चित्रात लाटा रंगवत होतो. कप्तान वाइब्रांट घुसला, चित्रावर थेट बोट! “माझं जहाज ‘अस्वल’ सगळ्यांत पुढे दाखवा. स्पॅनिश जहाजाला भिडलेलं. नगरभवनात लागणार आहे हे.” ओल्या रंगावर बोटाचा ठसा! वर म्हणतो, “तुमच्या सायमनचंही नाव होईल.” माझा मेहुणा याच ‘अस्वल’वर गेला — तोफेचा गोळा लागून. त्याच्या मरणावर हा मिरवणार!

४ मार्च
पाहिलेल्यांना विचारल्याशिवाय मी लढाई रंगवत नाही. बंदरावरच्या गुत्त्यात गेलो. ‘अस्वल’च्या तोफेवरचा लुब्बर्ट भेटला. त्याने टेबलावर शिंपल्यांचं आरमार मांडलं — आणि ‘अस्वल’चा शिंपला पार कडेला!
“इथं, धुराच्या मागं. एक गोळा झाडला नाही, एक झेलला नाही. कप्तान म्हणे, वारा पडलाय! वारा कसला, याचीच टरकली होती.”
आणखी दोघांना वेगवेगळं विचारलं. शिंपला तिथेच. चोर तो चोर, वर शिरजोर!

९ मार्च
रंगवलं. मागे, धुराआड, नुसती शिडांची टोकं.
बायकोने, माख्टेल्टने, कपाळावर हात मारला. “अहो, महापौरांचा जावई आहे तो! एक जहाज पुढे सरकवलं तर तुमचं काय जातंय?”
काय जातंय! पंचवीस वर्षांत एक दोर खोटा रंगवला नाही मी. बायकोलाही कळू नये? जेवलो नाही. माझा मासा मांजराने खाल्ला.

१२ मार्च
कप्तानाचा निरोप — जहाज पुढे आणा, नाहीतर काम दुसऱ्याला. कळवलं, खुशाल द्या!

१५ मार्च
बहीण आली, फेम्मे. सायमन गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडली. लेक कडेवर. “दादा, ह्यांचं जहाज कुठलं रे? हिला दाखव.”
मोठ्या तोऱ्यात दाखवलं.
बराच वेळ बघत राहिली. “इतक्या लांब? मग ह्यांना गोळा लागला कसा?”
माझ्या डोक्यात हे आलंच नाही! खऱ्याचा एवढा टेंभा मिरवतो मी, आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यालाच सुचू नये! लाज वाटली.

१६ मार्च
लुब्बर्टला गाठलं. सायमन कसा गेला, विचारलं. “तुम्ही त्याचे मेहुणे हे ठाऊक असतं तर शिंपल्याला हातच लावला नसता. सगळ्यांना शपथ घातलीय.” मग मान खाली घालून म्हणाला, “सायमन सगळ्यांदेखत कप्तानाला म्हणाला, भित्र्या, पुढे चल. लटकवला त्याला. डोलकाठीला.”

१७ मार्च
जहाज हलवलं नाही. पुढचा धूर तेवढा पुसला. डोलकाठीला एक माणूस रंगवला, नखाएवढा. आधी फेम्मेला दाखवीन. मग नगरभवनाला.