किल्लीचे तीन तुकडे

मी, सीमा हेमराज पाटील, वय ४४, मूळ गाव कळसाडी, ता. शहादा, हल्ली मुक्काम मोलगी, ता. अक्कलकुवा, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाखाली न येता लिहिते. सोमवारी सुरतेत माझ्या मेंदूवर शस्त्रक्रिया आहे. नंतरच्या शुद्धीची हमी डॉक्टर देत नाहीत, म्हणून आजची वापरते.

दबाव नाही असे लिहिले खरे, पण भाऊ उमाकांत बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवतो आहे. एका कंपनीचा करारनामा त्याच्याजवळ आहे. “ऑपरेशनना पहिले सही करी टाक, ताई,” असे तो सकाळपासून म्हणतो आहे.

१. घर. मी राहते ती कुडाची खोली भुरीबाई वसावे यांच्या अंगणात आहे. ती माझी नव्हतीच. कळसाडीच्या शेतातला माझा हिस्सा उमाकांतला. भांडून मागत होता, आता न भांडता घ्यावा.

२. लॅपटॉप, सौरपॅनेल व बॅटरी भुरीबाईंचा पुतण्या जालमसिंग याला. तो शिक्षक आहे आणि माझ्या प्रोग्राममधल्या चुका दुरुस्त करतो. लॅपटॉपचे झाकण हळू उघडावे. त्यात विकतची प्रणाली घालू नये. (मेल्यावर हे सांगणारी मी कोण? ही अट रद्द.)

३. ‘बोलती चिठ्ठी’. औषधाच्या चिठ्ठीचा फोटो काढला की गोळी कधी, किती घ्यायची ते फोन भिलीत सांगतो. आवाज भुरीबाईंचा. प्रोग्राम मी उघडा ठेवला आहे. कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. मात्र नवी आवृत्ती सगळ्यांच्या फोनवर पाठवण्याची किल्ली, म्हणजे एक लांबलचक सांकेतिक शब्द, एकच, आणि ती माझ्याकडे आहे. कंपनीला ती हवी आहे. त्याच आवाजात स्वतःची औषधे विकण्याचा हक्क करारात स्पष्ट लिहिला आहे.

हे काम लाह बोलावून झाले. गाव मिळून एकाचे काम करते, तो सगळ्यांना जेवू घालतो, ती लाह. तिथे कोणी सही घेत नाही. मीही घेतली नाही. त्यामुळे कागदावर सगळे माझ्या एकटीचे, आणि मी मृत्युपत्र न करता गेले तर उमाकांतचे.

तो म्हणतो, “फुकटनी धर्मशाळा उघाडीसन बठेल शे तू. तू गई ते हाई कोन सांभाळी?” पहिले वाक्य मला झोंबले. दुसरे खरे होते.

म्हणून किल्लीचे तीन तुकडे करून तीन कागदांवर लिहिले आहेत. कोणतेही दोन जुळल्याशिवाय ती चालत नाही. एक भुरीबाईंना, एक जालमसिंगला, तिसरा उमाकांतला.

भुरीबाई मघाशी म्हणाल्या, “विकणाऱ्यालाच देते का, बाई?”

“एकट्याला विकता येणार नाही. आणि त्याला बाहेर ठेवलं तर तो कोर्टात जाईल.”

“मग बोलव आत. लाहमध्ये आधी काम, मग भाकर. हा आधी खाईल, एवढंच.”

४. अनीसभाई साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही. त्यांची सोल्डरिंगची काडी आजच परत केली.

सही: सीमा हेमराज पाटील
मोलगी, दि. १४ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमोर सही झाली:
अनीस पिंजारी, मोबाइल दुरुस्ती, खापर
महजबीन शेख, परिचारिका, मोलगी

ता. क. उमाकांत आत आला. अनीसभाईंनी त्याला हे सर्व वाचून दाखवले. तुकडा त्याने खिशात घातला. भुरीबाईंनी वाढलेली भाकर अजून त्याच्या ताटात आहे.