मंगळवारच्या गाडीचा फोटो

कोइमतूर,
दिवाळीला आठ दिवस, १९९४

तीर्थरूप केरबामामांना, तुमच्या उजव्या पायावर आणि डाव्या जयपुरी पायावर, दोन्हींवर सारखंच डोकं टेकवून भाचा गुंडा लिहितो की मी इकडं खुशाल हाय. तुमची खुशाली विचारणार होतो, पण अंकिताच्या पत्रातनं ती आधीच कळली, आणि ती चांगली न्हाई, म्हणून विचारायला तोंड राहिलं न्हाई. मामींना नमस्कार. म्हैस व्याली का ते कळवा. (अंकिते, हे पत्र तूच मामांना वाचून दाखवणार. जसं लिहिलंय तसं वाच. मागल्या खेपेला मी 'ताप हाय' लिहिलं ते तू 'मजेत हाय' असं वाचलंस, आणि मला औषधाच्या जागी भाजक्या शेंगांचं गाठोडं आलं. शेंगा चांगल्या होत्या.)

इथं गलाईच्या दुकानात माझं बरं चाललंय. मामा, तुमी दर खेपेला विचारता की सोन्याच्या दुकानात असून तुझी चप्पल अंगठ्याला तुटलेली कशी, तर गलाई म्हणजे सोनं विकणं न्हाई, लोकांचं मोडीचं सोनं भट्टीत वितळवून त्यातलं खोटं जाळून खरं त्यांच्या हातात द्यायचं. आपल्याकडं राहतो तो नुसता धूर. आपल्या आटपाडीकडची निम्मी पोरं याच धुरात हायत. मी आधी मदुराईला होतो, मग सेलमला, मग भांडून परत मदुराईला, आता इथं. शेठ म्हणतात तुझ्या बुडाला भोवरा हाय. इकडची भाषा अजून येत न्हाई. कुणीबी काही म्हटलं की 'सेरी, सेरी' (म्हणजे बरं, बरं) म्हणायचं, त्यावर माणूस एक तर हसतो न्हाईतर मारायला उठतो, आणि मग आपण काय कबूल केलं होतं ते कळतं.

आता मुद्द्यावर येतो. (आलो असतो पहिल्याच ओळीत, पण हात आडवा जात होता.) अंकितानं लिहिलंय की दसऱ्याला आमदार ज्योतिबाअप्पा सोनं द्यायला वाडीत आले, सगळ्यांनी आपट्याची पानं घेतली, आणि तुमी घेतली न्हाईत. मारुतीच्या देवळापुढं, गावादेखत, तुमी म्हणालात, "अप्पा, ही पानं त्या मंत्र्याला द्या. आमची गाडी त्येला विकलीसा, आता सोनंबी त्येलाच द्या." आणि अप्पा हातातली पानं खिशात घालून, चहा न घेता गेले. हे वाचलं आणि मी चालू भट्टी सोडून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. शेठ ओरडले. मामा, गाडी अप्पांनी न्हाई घालवली. गाडी मी घालवली. अप्पांनी ते तुमाला सांगितलं न्हाई आणि मीबी न्हाई, आणि चार महिने तुमी एका भल्या माणसाला शिव्या घालताय, त्यातली निम्मी शिवी माझ्या नावची हाय, आणि उरलेली निम्मीसुद्धा माझीच.

ती गाडी तुमाला काय सांगायची, पण लिहितो, म्हणजे कुणी मधनंच ऐकायला बसलं तरी कळंल. दर मंगळवारी सरकारची पांढरी गाडी पारापाशी यायची, म्हातारी आणि लंगडी-पांगळी माणसं भरून सांगलीला दवाखान्यात न्यायची आणि दिवेलागणीला परत आणून सोडायची. धोंडुबाईचे डोळे, हरणाबाईची कंबर, आणि तुमच्या जयपुरी पायाचा पट्टा. कारखान्यावर ऊस उतरवताना पाय गेल्यावर तुमी दोन वर्षं उंबऱ्याबाहेर आला न्हाईत, ते या गाडीनं तुमाला बाहेर काढलं. उन्हाळ्यात सरकारनं ठरवलं की या गाड्या बंद करायच्या, कारण म्हणे गरज नसलेली माणसं फुकट हिंडतात. सगळे आमदार गप्प बसले (अप्पांच्या पक्षाचेसुद्धा, ते तर जास्तच गप्प). एकटे अप्पा म्हणाले, मी विधानसभेत उभा राहून बोलणार. आणि त्यांनी वाडीत निरोप धाडला की गाडीत चढणाऱ्या माणसांचा एक फोटो पाठवा, माणसं असतील तशी टिपा, सजवू नका.

हा निरोप माझ्याकडं आला, कारण मी मे महिन्यात रजेवर आलो होतो आणि गळ्यात शेठचा कॅमेरा होता. 'सजवू नका' हे मी ऐकलं. दोन्ही कानांनी ऐकलं. पण मामा, तुमीच सांगा, आपल्यात फोटो कवा काढत्यात? एक लग्नात, आणि एक मेल्यावर भिंतीला लावायला पाहिजे म्हणून आधीच. दोन्ही वेळा माणूस धुतलेला असतो. त्यात तीन दिवसांपूर्वी रंगुबाईच्या नातवाचं लग्न झालेलं, फेटे अजून गुंडाळून ठेवलेले नव्हते, दागिने पेटीत गेले नव्हते, मांडवाचं झेंडूचं तोरण तसंच लोंबत होतं. आणि मला वाटलं, हा फोटो मुंबईला मंत्री बघणार. आपली वाडी म्हणजे भिकाऱ्यांची हाय का?

सगळा दोष माझाच, पण साक्षीला धोंडुबाईबी हाय. तिला म्हटलं चल गाडीत बस, तर म्हणाली, "या फाटक्या लुगड्यात मंत्री मला बघणार व्हय रं? माझ्या म्हायेरचं नाव घालवतोस?" मग रंगुबाईचं डाळिंबी लुगडं आलं, त्यावर बोरमाळ आली, आणि मोतीबिंदूचा काळा चष्मा होताच, त्यानं ती अगदी सिनेमातली दिसाय लागली. हरणाबाई वाकून चालते, तिला मी गाडीला पाठ टेकवून सरळ उभी केली आणि म्हटलं, आज्जे, श्वास धर. तोरण काढून गाडीला बांधलं. आणि तुमी मामा, तुमाला मी नवऱ्या मुलाच्या चुलत्याचा फेटा बांधला, तुमच्या मिशीला तेल लावलं, दोन्ही पायांत बूट घातले. कुबडी काखेत होती. ती फोटोत बरी दिसंना. तुमी फेटा चाचपत होता तवा ती मीच हळूच काढून गाडीखाली सरकवली. तुमी आजवर त्या ड्रायव्हरवर आळ घेता, त्या बिचाऱ्याचा काही संबंध न्हाई. मी म्हटलं, मामा, मिशीवर हात ठेवा आणि हसा. तुमी हसलात. खटका दाबला, आणि दुसऱ्याच क्षणाला तुमी हरणाबाईच्या अंगावर, आणि तिचा धरलेला श्वास एकदम सुटला. तो फोटो मी काढला न्हाई. तो काढला असता तर गाडी वाचली असती.

रीळ आटपाडीला धुऊन आणलं, लखोट्यात घातलं, लखोटा चिकटवला आणि अप्पांच्या माणसाकडं दिला. अप्पांनी तो उघडला न्हाई. त्यांची चूक म्हणायची तर एवढीच. वाडीतनं आलंय म्हणजे बरोबरच असणार म्हणून त्यांनी कागदांच्या गठ्ठ्यात लावून तसाच मंत्र्यांकडं धाडला.

यापुढचं तुमाला ठाऊक न्हाई. जुलैत शेठनं मला मुंबईला एक डबी पोचवायला धाडलं. डबी पोचवली आणि म्हटलं, अप्पांना भेटावं, आपल्या फोटोचं कौतुक ऐकावं. (खोटं कशाला बोलू, त्यासाठीच गेलो.) अप्पा घाईत होते, त्यांनी मला विधानसभेत वर गॅलरीत बसायचा पास दिला. तिथं बोलायचं न्हाई, टाळी वाजवायची न्हाई, खोकला आला तर गिळायचा. खाली अप्पा उठले. मामा, काय बोलले म्हणून सांगू! कागद न बघता बोलले. म्हणाले, या सभागृहात आपण सगळे दोन पायांवर चालत आलो, म्हणून आपल्याला गाडी म्हणजे चैन वाटते. म्हणाले, म्हातारं माणूस दवाखान्यात जायचं सोडून देतं ते बरं झालं म्हणून न्हाई, कुणाला सांगावं याची लाज वाटते म्हणून. माझ्या शेजारचा एक मास्तरासारखा माणूस डोळे पुसत होता. मी त्याला हळूच म्हटलं, आमचे आमदार.

मग मंत्री उठले. हातात फोटो. मला वरनं तोरण ओळखू आलं. म्हणाले, अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी पाठवलेले हे निराधार बघा. बोरमाळ बघा, फेटा बघा, गाडीला फुलं बघा. यांना दवाखान्याची गाडी कशाला, बँडबाजा द्या, नवरी तेवढी आम्ही बघतो! सगळं सभागृह हसलं. मग मंत्री म्हणाले, बरं, यात अपंग कोण तेवढं दाखवा, मी गाडी चालू ठेवतो.

एका शिपायानं फोटो अप्पांच्या हातात नेऊन दिला. अप्पांनी तो तिथं पहिल्यांदा बघितला. खिशातनं चष्मा काढला, लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. मामा, त्यांना तुमी सापडला न्हाईत. तुमाला ते कुबडीवरच ओळखतात. डावीकडनं दुसरा, एवढंच सांगायचं होतं. मी वर बसलो होतो, मला ठाऊक होतं, मी अर्धा उठलोसुद्धा. तिथल्या पहाऱ्यावरच्या डगलेवाल्यानं खांद्यावर हात ठेवला आणि मी बसलो. गावात जत्रेत पोलिसाला अंगावर घेणारा मी, एका हातानं बसलो. अप्पा शेवटी म्हणाले, "माझी माणसं गरीब हायत, पण ती गरीब दिसायला तयार न्हाईत, त्याला मी काय करू?" त्यावर सगळे आणखी हसले आणि पुढचा विषय निघाला.

आणि आता जे लिहितो ते लिहायला मी चार महिने लावले. (अंकिते, इथं जरा थांब, मामांचं तोंड बघ. लय लाल झालं असंल तर आधी चहा टाक.) मंत्री जवा पहिल्यांदा बँडबाजा म्हणाले तवा सगळ्यांबरोबर मीबी हसलो. विनोद चांगला होता म्हणून तोंडातनं गेलं. मग कळलं की ते हसू तुमच्यावर होतं, तवा ते तोंडात परत घेता येईना.

बाहेर व्हरांड्यात मी अप्पांना गाठलं आणि सांगितलं की फोटो मी काढला, कुबडी मी लपवली. वाटलं थोबाडीत देतील. त्यांनी फोटो परत काढून बघितला आणि म्हणाले, "ह्यो केरबा व्हय? गड्या, लय रुबाबदार आलाय रं." मग म्हणाले, वाडीत काही सांगू नकोस. मला शिव्या खायची सवय हाय, पाच वर्षांनी लोक त्या विसरतात. तुला मामाच्या दारात जायचंय. मी 'व्हय' म्हटलं. माणूस किती पटकन 'व्हय' म्हणतो बघा. तिथनं घरी यायला एक रात्र लागली असती, मी इकडची गाडी पकडली.

तेवढं सांगायचं होतं. घरात लहानथोरांना यथायोग्य, आणि तुमी मला काय म्हणायचं ते मोठ्यानं म्हणा, मनात ठेवू नका, म्हणजे अंकिता लिहून धाडील.

तुमचा भाचा (अजून मानत असाल तर)
गुंडा

ता. क. — अंकितानं लिहिलंय की जयपुरी पायाच्या तोंडाशी जखम झालीय आणि तुमी सांगलीला जात न्हाई, म्हणता तिकिटाला पैसे कुठले, फुकट जायला मी काय आमदार हाय का. मामा, जा. जखमेला सरकारचा राग कळत न्हाई.

ता. क. दुसरं — डिसेंबरात नागपूरला अधिवेशन हाय. अप्पा गाडीचा प्रश्न परत उभा करणार, त्यांचं कार्ड मला आलंय. या खेपेला फोटो न्हाई, माणूस न्यायचा म्हणतात. तुमी चला. दाढी करू नका, मामींना सदऱ्याला इस्त्री करू देऊ नका, कुबडी हातात धरा. मी रजा टाकून न्यायला येतो. खरं म्हणजे, तुमी येताय असं मी अप्पांना कळवूनसुद्धा टाकलंय. आता तुमी न्हाई म्हटलंत तर ते दुसऱ्यांदा तोंडघशी पडतील, ते तुमच्यावर.

ता. क. तिसरं — यासाठीच एवढा कागद खर्च केला. गाडी बंद झाली तरी मंगळवारी धोंडुबाई, हरणाबाई आणि बाकीची माणसं सवयीनं पारावर येऊन बसतात म्हणे. येत्या मंगळवारी हे पत्र तिथं सगळ्यांपुढं वाचून घ्या, म्हणजे अप्पांचं नाव मोकळं होईल. अंकिते, तूच वाच. फक्त मी हसलो तेवढं गाळ.

न्हाई, राहू दे. तेबी वाच.