मागच्या खोलीतला सा

प्रिय कौस्तुभ,

नवा माइक आला का, असं तू विचारलं होतंस. आला. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आपलं कसं होतं तुला ठाऊक आहे. तू "बाबा कसे आहेत" विचारतोस, मी "बरे आहेत" म्हणते, आणि आपण दोघंही सुटतो. म्हणून लिहायला बसले.

बाबांना पक्षाघाताचा झटका आल्यावर घरी येणाऱ्या मुलींची गाण्याची शिकवणी मी थांबवली आणि व्हिडिओवर शिकवू लागले. हैदराबादची सोनल, साधारण तुझ्याच वयाची, एकदा म्हणाली, "ताई, तुमचा तानपुरा येतो आणि जातो. तुम्ही सा लांबवला की तोही मधेच नाहीसा होतो." मला वाटलं, माझाच दम कमी पडतोय. मग तिनं समजावलं की एकसारखा चालणारा आवाज आला की कॉलला तो पंखा नाहीतर कूलर वाटतो, आणि तो गाळून टाकतो. तानपुऱ्याला कूलर समजतात म्हणे! ती गाळणी बंद करायला तिनंच शिकवलं, पण तरी माझा आवाज डब्यात बसून गायल्यासारखाच जात होता.

मग माइक घ्यायला सुपेला बाजारातल्या दुकानात गेले. दुकानदारानं आधी कॉलरला लावायचा बारका माइक दिला. "आंटी, सब टीचर लोग यही ले जाते हैं." घरी लावून पाहिला, तर पदर हलला की खरखर, आणि पेटी कुठेतरी लांब वाजल्यासारखी. दुसरा स्टेजवरचा. तो अगदी तोंडाशी धरला तरच ऐकतो. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, तिसरा कुठून आणू? शेवटी टेबलावर ठेवायचा, लॅपटॉपला जोडायचा कंडेन्सर माइक घेतला. सोनल म्हणाली, आता तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पण तो सगळंच ऐकायचा. शेजारच्या रमाताईंचा कुकर, भाजीवाला, प्लँटचा भोंगा. हाही परत करायचा, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

बाबांचं तुला माहीत आहे. स्टील प्लँटच्या रेल मिलमध्ये आयुष्य गेलेला माणूस, मशिनींच्या वर आवाज काढून बोलायची सवय. स्वतः कधी गायले नाहीत, पण मी शिकवत असले की मागच्या खोलीतून ओरडायचे, "कावून बेसूर गाऊन राहिली ते पोरगी? सांग ना तिले." आता बोलण्यात एक "हो" उरला आहे. पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. आपल्याला कळलं नाही की भिंतीकडे तोंड करून निजतात.

मागच्या आठवड्यात सोनलकडून भूपाचे अलंकार घोकून घेत होते. ती मधेच थांबली. "ताई, तुमच्याकडे अजून कोणी शिकतंय का? मागून कोणीतरी गातंय." मी म्हटलं, रस्त्यावरचं असेल. "नाही ताई, आपल्याच बरोबर आहे. सुरात आहे."

मी कानांवरचा हेडफोन काढला आणि मागे गेले. बाबा पलंगावर बसले होते, डोळे मिटून, डावा हात मांडीवर. सा, रे, ग, प. बारीक, थरथरता आवाज, पण एकेक अक्षर स्वच्छ. मला पाहिलं आणि लाजून थांबले. मी शेजारी बसून सा लावला. थोड्या वेळानं त्यांनी रे लावला. मी परत आले तेव्हा सोनल इतकंच म्हणाली, "आज राहू द्या ताई."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बोलणं गेलं तरी काहींचं गाणं शिल्लक राहतं, त्यातून थोडे शब्दही परत येतात. पण फार आशा लावू नका. आम्ही आता रोज सकाळी बसतो. "चहा" आला आहे, "पाणी" आलं आहे, दोन-दोन सुरांवर. कधी काहीच येत नाही, तेव्हा उशी फेकतात. मीही चिडते. परवा मी गातच विचारलं, कोणाची आठवण येते? खूप वेळ गेला. मग ग रे सा वर त्यांनी तुझं नाव घेतलं. पूर्ण.

बाळा, मागे व्हिडिओवर ते तुझं नाव घ्यायला धडपडत होते आणि नुसतं "हो, हो" येत होतं, तेव्हा तू घाईनं फोन ठेवलास. तेव्हापासून माझ्याशीच बोलतोस. तुझा राग नाही मला. बापाचं असं होणं कोणत्या मुलाला बघवेल? पण तू दिसत नाहीस म्हणून ते रोज फोनकडे बघतात. ते तुला सांगायचं होतं, आणि फोनवर माझ्याच्यानं सांगवत नव्हतं. येत्या रविवारी सकाळी व्हिडिओवर ये. कसे आहात, असं विचारू नकोस. तू तुझ्या नावाचा ग लाव आणि थांब. लहानपणी पेटीसमोरून पळून जायचास, पण ग कुठे असतो ते विसरला नसशील. त्यांना वेळ लागेल. तेवढा वेळ फोन ठेवू नकोस.

तुझीच,
आई