हजेरी नव्व्याण्णव

१२ ऑगस्ट, लातूर
नळ आज पहाटे आला, दहाव्या दिवशी. सगळी भांडी भरली, मग मोबाइलवर गोल्फचा गेम उघडला. ५.४८. हजेरी १ दाखवतंय. काल ६१ होती. एकही दिवस चुकलेला न्हाई, लिहून ठेवलंय. शंभर दिवस सलग खेळलं की बक्षीस म्हणून समुद्रकाठचं मैदान उघडतं. बाकीची सगळी मैदानं जिंकून झालीत. पोरगी शितू क्लासला गेल्यावर गेमच्या कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहिली. डिक्शनरी घेऊन, दोन तास.

१४ ऑगस्ट
उत्तर आलं. फोन बंद करून चालू करा म्हणे. आणि गैरसोयीबद्दल ५० नाणी. मशीननं लिहिलेलं उत्तर, कळतं मला. दहावी नापास असलो तरी मोटारींचं वाइंडिंग आपलं आपण शिकलो. इस्लापूरच्या स्टँडसमोर दुकान, इंजिनिअर लोक जळालेली मोटार घेऊन माझ्याकडं यायचे. आता किल्ली भावाकडं आणि मी इथं, पोरीच्या डॉक्टरकीच्या क्लासपायी, दहा बाय बाराच्या खोलीत. डबा, पाणी, धुणं. ती वाचत असली की खोकायचं सुद्धा बाहेर जाऊन. गेमचा आवाज कसा आहे ते मला अजून माहीत न्हाई.

१७ ऑगस्ट
सापडलं. घड्याळ समोर ठेवून बसलो. त्यांचा दिवस रात्री बाराला न्हाई, सकाळी बरोबर ५.३० ला बदलतो. मी रोज ५.०५ ला खेळायचो, म्हणजे त्यांच्या लेखी आदल्या दिवशी. ११ ला ५.०५, ती धरली १० ची; १२ ला नळामुळं ५.४८, ती १२ ची. त्यांचा ११ तारखेचा दिवस कोरा राहिला. चूक माझी न्हाई. हे त्यांनी कुठंतरी लिहायला पाहिजे होतं. तसं कळवलं.
आता रोज ५.३५. शंभरावा १९ नोव्हेंबरला.

९ सप्टेंबर
सातव्या होलला वारा डावीकडून असला की चेंडू जमिनीतच जायचा. तेवीस वेळा मारून पाहिलं होतं, तेवीसही वेळा गेला. फोटोसकट कळवलेलं. आज दुरुस्त झालं. 'एका खेळाडूने लक्षात आणून दिले' म्हणून सगळ्या खेळाडूंना बक्षीस वाटलं. एका खेळाडूने. नाव न्हाई. ६१ दिवसांबद्दल अक्षर न्हाई.
शितूला सांगणार होतो. ती केमिस्ट्रीत होती.

३० सप्टेंबर
हजेरी ५०. त्र्याण्णवच्या भूकंपाची तारीख. घरमालकीण शकीला आपांनी काल सगळ्यांना अंगणात झोपवलं, दरवर्षी झोपवतात. वरच्या मजल्यावरच्या क्लासच्या पोरी कुरकुरल्या, टेस्ट आहे म्हणून. आपा म्हणाल्या, "टेस्ट बाद में. आज छताखाली कुणी न्हाई." शितू आपांच्या खाटेवर लगेच झोपली. इतकी गाढ झोपलेली कितीक दिवसांनी पाहिली.

१६ ऑक्टोबर
क्लासला दिवाळीची दोन दिवस सुट्टी. शितू म्हणाली, गावी जाऊ. तिच्या आईचाही फोन, सण हाय, पोरीला एक दिवस तरी आणा. मी सांगितलं, टेस्ट जवळ आली, येण्याजाण्यात दोन दिवस मोडतात. शितूनं पुस्तक ओढून घेतलं.
टेस्ट खरीच आहे. गावात रेंज न्हाई हेही...

१८ नोव्हेंबर
५.३५ ला खेळायला बसलो. हजेरी ९९ लागली. ५.४१ ला हादरा. चार-पाच सेकंद, भांडी वाजली. मी थेट रस्त्यावर पळालो होतो, हातात फोन. सगळे बाहेर. आपांनी विचारलं, "शितू किधर?"
ती मागून आली. अनवाणी, माझ्या चपला हातात. म्हणाली, दोनदा हाक मारली तुम्हाला. तिनं फोनकडं पाहिलं. स्क्रीन चालूच होता.
"दिवाळीला आपण ह्याच्यासाठी गेलो न्हाई का, पप्पा?"
टेस्टचं सांगणार होतो. स्क्रीन बंद केला.
"मला गावी न्या. आज."
९.१५ ची गाडी धरली.

१९ नोव्हेंबर, गाव
रेंज शून्य. फाट्यावरच्या पुलावर एक कांडी येते, चालत वीस मिनिटं. गेलो न्हाई अजून. शंभराव्या हजेरीला वेळ उद्या सकाळी ५.३० पर्यंत. लातूरला जायचं तर फाट्यावरून ५.१५ ची गाडी.
संध्याकाळी शितू ओट्यावर शेजारी बसली. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून का, विचारलं. नियम सांगितला, वेळेसकट.
"माझंबी तसंच हाय का?"
लातूर सोडल्यापासून तिनं बॅग उघडली न्हाई. परत येणार का, मी विचारलं न्हाई. तिच्या आईनं तरीही दोघांची भाकरी बांधून ठेवलीय.
४.१५ चा गजर लावला. कशाचा, ते तिला सांगितलं न्हाई. मलाही न्हाई.