हिरव्या चंद्राला दहापैकी किती?

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच घे, माझे हात कोपरापर्यंत पिठात आहेत. बेकरीतला पहिला घाणा भट्टीत गेला की मला जरा बसायला मिळतं, तेवढ्यात लिहितोय. फोन करत नाही, कारण फोनवर तू ओरडतेस. पत्रात निदान शुद्धलेखन सांभाळतेस.

बातमी अशी की रद्दीच्या दुकानात पाव बांधायला कागद घ्यायला गेलो, तर गठ्ठ्यात काय सापडावं? कप्तान वज्रनाभाचा ‘हिरव्या चंद्रावरचा सापळा’! चित्रकथेचा तोच अंक, ज्यावरून आपण एकमेकांच्या झिंज्या उपटल्या होत्या आणि जो बाबांनी शेवटी उचलून कपाटावर टाकला होता. एकाच अंकाच्या दोन प्रती होत्या. एक सोबत पाठवतोय. आता आपण मोठे झालो, संसाराला लागलो, तर एकदा शांतपणे वाचून दहापैकी गुण देऊ. मी माझे गुण या पत्रात लिहीत नाही, नाहीतर तू मुद्दाम उलटे देशील.

बाबांच्या डोळ्यांचं काय झालं? मोतीबिंदू पिकलाय म्हणालीस, मग घोडं अडलंय कुठे? भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. अंक मिळाला. वाचला. तीन गुण. तेही दोन चित्रांना आणि एक तुझ्या पोस्टाच्या खर्चाला.

अरे, काय हे! चंद्रावर हवा नाही असं पहिल्याच पानावर छापलंय, आणि पाचव्या पानावर कप्तान शिरस्त्राण काढतो, कशासाठी, तर राणी हिमांगीला नीट ऐकू जावं म्हणून. छपाईत रंग असा सरकलाय की राणीचे ओठ तिच्या गालाच्या बाहेर आहेत. आणि तो लोखंड्या, कप्तानाचा यंत्रमानव, त्याला पोट नाही तरी कमरेला पट्टा का? पँट तर घातलेली नाही.

बाबांचं म्हणशील तर ते ऑपरेशनचं नावच काढू देत नाहीत. माझी पंचाईत लक्षात घे. मी दिवसभर दुकानात बसून गावाला चष्मे लावते, आणि माझे वडील घरात भिंत चाचपत चालतात. परवा एका गिऱ्हाइकाने हे तोंडावर बोलून दाखवलं. बाबांना काही म्हटलं की ते म्हणतात, मला स्वच्छ दिसतं, आणि पेपर उघडून बसतात. काल पेपर उलटा होता. यांनी बोलायला तोंड उघडलं तेव्हा मी त्यांना चिमटा काढला.

मात्र एक गंमत झाली. रात्री जेवणं झाल्यावर यांना हसवायला म्हणून मी अंक मोठ्याने वाचत होते. शिरस्त्राणाच्या जागी पोचले, तर पेपराच्या मागून आवाज आला की हा कप्तान मूर्ख आहे. नंतर बाबा पुढची सगळी पानं ऐकत होते. पेपर तसाच उलटा धरून.

घरात सगळ्यांना आशीर्वाद. गुण वाढवून मागू नकोस, मिळणार नाहीत.
ताई

२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. आज विनंती नाही, तक्रार आहे. मी नऊ दिले होते! मी वाचताना पावाचा अख्खा घाणा करपवला, बायकोने तो मला दोन दिवस चहाबरोबर खायला लावला, आणि तू तीन देतेस? कप्तानाने शिरस्त्राण काढलं ते शत्रूशीही चेहरा झाकून बोलायचं नाही म्हणून. याला बाणेदारपणा म्हणतात. तुला चष्म्याच्या नंबरापलीकडे काही दिसत नाही.

आणि लोखंड्याला चार हात आहेत असं तू घरात वाचून दाखवलंस म्हणे, भावोजींनी फोनवर सांगितलं. सहा आहेत. खालचे दोन पट्ट्यात खोचलेले आहेत, पट्टा त्याचसाठी आहे. परत बघ आणि बाबांची माफी माग.

बाबांनी किती गुण दिले ते कळव. ज्या माणसाने असल्या वाचनाने डोकं सडतं म्हणून अंक कपाटावर टाकला, त्यांचं मत मला ऐकायचंच आहे. बाकी राग मानू नये, मानलाच तर तो पत्राने कळवावा.

तुझा,
धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. हात सहाच आहेत. माझ्या दुकानाची पाटी उतरवावी लागणार.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. तू ओळखतोसच त्यांना, जन्मभर कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त झाले तरी घरात कोर्ट चालूच आहे. ते म्हणाले की एक साक्षीदार चार हात सांगतो, दुसरा सहा सांगतो, तेव्हा ऐकीव पुराव्यावर गुण देता येणार नाहीत. अंक स्वतः पाहावा लागेल. मी म्हटलं, मग पाहा की. आणि अंक त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, खिडकीशी नेला. मग परत आणून माझ्या हातात दिला आणि मान खाली घालून बसले. मला इतकं वाईट वाटलं की मीच आत जाऊन उगाच भांडी वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी आपणहून विचारलं की डॉक्टर कोणती तारीख देतायत. ऑपरेशन या महिन्याच्या वीस तारखेला करायचं ठरलंय. पण अट घातलीय. अंकाच्या शेवटी कप्तान तेजाबाच्या खड्ड्यावर उलटा टांगलेला आहे, प्राणवायूची नळी कापलेली आहे. बाबांचं म्हणणं, टेबलावर माझं काही बरंवाईट झालं तर तो माणूस तसाच लटकत राहील. आधी पुढचा अंक आणा. ते चेष्टेच्या सुरात बोलले, पण माझा हात सोडला नाही. त्यांना भीती वाटतेय रे. हे इतके दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही?

तेव्हा भट्टी बायकोच्या हवाली कर आणि अंक शोध. तुझ्या नऊ गुणांची शपथ.
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सापडला! छत्र्या दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे कप्तानाचे सगळे अंक आहेत, प्रत्येक अंक जुन्या छत्रीच्या कापडात शिवलेला. त्यांना विचारलं, सापळ्याच्या अंकाला किती गुण द्याल? दहा म्हणाले. त्याच्या आधीच्याला? दहा. सगळ्यांनाच दहा. पोटच्या पोरांना कोणी नऊ देतं का, असं मलाच विचारलं. मी मान खाली घातली. बाबांच्या डोळ्यांचं सांगितल्यावर अंक वाचायला दिलाय, चहाचा डाग पडू द्यायचा नाही या बोलीवर.

पण ताई, घात झालाय. अंक बंडल आहे. पहिल्याच पानावर कप्तान झाडाखाली जागा होतो आणि कळतं की सगळं स्वप्न होतं. ना चंद्र, ना राणी, ना लोखंड्या. पुढे उरलेल्या पानांत तो पतंग उडवतो. मी एक गुण द्यायला गेलो तर हात उठेना. हे ऐकून बाबा ऑपरेशनला जातील असं मला वाटत नाही, मी तरी गेलो नसतो. अंक सोबत पाठवतोय, काय करायचं ते तूच ठरव. मी एकोणीसला येतोय म्हणणार होतो, पण त्याच दिवशी एका लग्नाची पावाची ऑर्डर आहे. मन तिकडेच लागलेलं असेल.

काळजीत असलेला,
धाकटा

२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. आधी महत्त्वाचं. ऑपरेशन झालं, उजवा डोळा छान आहे, डॉक्टर खूश, बाबा डॉक्टरांवर नाखूश.

आता तुझ्या भिकार अंकाचं. आदल्या संध्याकाळी बाबा अंथरुणावर ताठ बसले आणि म्हणाले, वाच. मी अंक उघडला. समोर पतंग. आणि तोंडातून काय आलं ठाऊक आहे? लोखंड्याने खालचे दोन हात पट्ट्यातून काढले! हे ऐकून बाबा पुढे सरकले, मग मला थांबता येईना. त्याने कापलेली नळी हाताने जोडून धरली, हात सोडता येत नव्हते म्हणून तसाच कप्तानाला पाठीवर घेऊन यानापर्यंत चालला, आणि दाराशी पोचल्यावर त्याची शक्ती संपत आली. कप्तान आत जाईना. मला मागे ठेवून जा असं लोखंड्या सांगत होता आणि हा मूर्ख तिथेच बसून राहिला. बाबांनी मधेच हरकत घेतली की हवा नसताना लोखंड्याचं बोलणं ऐकू कसं आलं. मी म्हटलं, त्याने कप्तानाच्या तळहातावर बोटाने लिहिलं. हरकत मागे घेतली गेली. शेवटी त्याची शक्ती पार संपली, तेव्हा कप्तानाने यानाची तार ओढत बाहेर आणली आणि लोखंड्याला जागं केलं. पानं उलटायचं भान मला राहिलं नव्हतं, पण त्यांना कुठे दिसत होतं?

ऐकून झाल्यावर बाबा पांघरूण ओढून पडले. सकाळी माझ्याआधी तयार होऊन दाराशी उभे होते.

अंक मी कपाटात खोल दडवलाय. त्यांना कळलं तर माझी धडगत नाही. तू तोंड उघडलंस तर मायाच काय, तीन गुणही परत घेईन.
ताई

३० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पत्र मी स्वतः, स्वतःच्या डोळ्याने पाहून, तुझ्या ताईच्या दुकानातला चष्मा लावून लिहीत आहे. अक्षर तिरके गेले असेल तर तो दोष टेबलाचा.

पहिला अंक समक्ष तपासला. हात सहा आहेत. कप्तान मूर्ख आहे, परंतु सरळमार्गी आहे. सात गुण.

दुसरा अंक कपाटात मोज्यांच्या खाली सापडला. या घरात कोणालाच वस्तू लपवता येत नाही. पहिल्या पानावर झाड, दुसऱ्यापासून पतंग. मी तो दोनदा वाचला, मला वाटले चष्म्याचा नंबर चुकला. छापील अंकाला शून्य. ज्या छत्रीवाल्यांविषयी तुझी ताई सांगत होती, त्यांना हे कळवू नये, सभ्य गृहस्थ दिसतात.

तुझ्या बहिणीने त्या संध्याकाळी जो वाचला, त्याला नऊ. लोखंड्याची शक्ती संपली तेव्हा वाचणारीचा आवाज कापला, आणि वाचणाऱ्याने तटस्थ राहिले पाहिजे, म्हणून एक गुण कापला आहे. त्या संध्याकाळी रिक्षा बोलावून कोठेतरी निघून जावे असे वाटत होते. वाचन संपल्यावर तसे वाटले नाही.

मला सर्व कळले आहे, हे तिला कळवू नये. अंक मोज्यांखाली जसाच्या तसा ठेवला आहे. डाव्या डोळ्याची तारीख मेमध्ये आहे. उजव्यातून फार पाणी येते, वाचवत नाही, असे मी आजपासून घरात सांगू लागलो आहे. तरी तू आणखी एक अंक मिळवून तिच्या नावे पाठवावा. बरावाईट कसाही चालेल, वाईट असल्यास उत्तम.

भट्टीजवळ जपून राहावे. सूनबाईस आशीर्वाद.

तुझे,
बाबा