काठीबिगर

राजूर, १९६३

बाई सत्यभामे,

जयभीम. खाणीत चेंगरलेला पाय आता मांडीपर्यंत बधिर झाला, म्हणून भरपाई वाढवून मागाचा अर्ज केला. काल तपासणीले गेलतो, तं तिथं बाकावर तुहे सासरे बसलेले. तुह्या लग्नात मी त्यायले पाय बरा झाला म्हणून सांगतलं होतं.

डॉक्टर म्हणे, "काठीबिगर चालून दाखवा."

मी दात आवळून सरळ चाललो. डॉक्टरनं 'सुधारणा आहे' लिहिलं अन् अर्ज नामंजूर झाला.

सासरे म्हणे, "इवाई, अजून धडधाकट आहा तुमी!"

आज उठता येऊन नाही राह्यलं. तुह्या मायले खरं सांगतलं नाही. तुले सांगावं वाटलं, पण हे पत्र टाकत नाही. तुले मी शाळेत घातलं नाही. तुले आलेली पत्रं तुहे सासरेच वाचून दाखवतात.

तुहा बाप,
भीमराज